गुडघ्यातला उतार

कुत्र्याच्या मागच्या पायाचा गुडघा दाखवा म्हटलं की बहुतेक जण चुकीच्या जागी बोट ठेवतात. जमिनीपासून वीतभर वर, मागच्या बाजूला जो टोकदार कोपरा दिसतो तोच गुडघा, आणि कुत्र्याचा गुडघा उलटा वाकतो, असं आम्हीही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. तो कोपरा म्हणजे कुत्र्याची टाच. कुत्रं जन्मभर चवड्यांवर चालतं, म्हणून टाच अधांतरी राहते. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेला, कातडीच्या घडीआड असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. त्याला वाटी असते, आत कूर्चेच्या दोन गाद्या असतात, आणि अगदी मध्यभागी एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले दोन अस्थिबंध असतात. या फुलीतला पुढचा बंध, म्हणजे पुढचं क्रुसिएट लिगामेंट, तुटणं हे कुत्री मागच्या पायाने लंगडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. हे मला कळलं ते आमची लॅब्राडॉर सोनी लंगडायला लागल्यावर, आणि तेही दोन महिने उशिरा.

सोनी तेव्हा सहा वर्षांची होती, वजन ३८ किलो. सकाळी उठली की डावा पाय चार पावलं उचलून धरायची, मग हळूहळू टेकवायची, आणि बागेत पोचेपर्यंत ठीक चालायला लागायची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘खेळताना मुरगळला असेल.’ जवळच्या दवाखान्यातही तेच ऐकलं. लचक आहे, पंधरा दिवस गोळ्या द्या. गोळ्या असेपर्यंत बरं असायचं, संपल्या की पुन्हा तेच. अशा दोन फेऱ्या झाल्या. दरम्यान एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडत होती आणि कुणालाच ती खटकली नव्हती. सोनी नीट मांडी मोडून बसेनाशी झाली होती. डावा पाय बाहेर फेकून, एका कुल्ल्यावर कलून बसायची. आम्ही तिला ‘महाराणी’ म्हणून चिडवत होतो आणि तसे फोटोही काढत होतो.

पुढे ज्या शल्यचिकित्सक डॉक्टर मॅडमकडे गेलो, त्यांनी तो फोटो पाहूनच मान हलवली. गुडघा पूर्ण मिटताना दुखतो, म्हणून कुत्रं पाय बाहेर टाकून बसतं. मग त्यांनी शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी अडीच सेंटिमीटरने बारीक होती. एवढा स्नायू चार दिवसांत झडत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला हाताला एक कडक उंचवटा लागत होता. सांधा सैल पडला की शरीर स्वतःच तिथे जाड तंतूंचं लिंपण करायला लागतं, त्याची ती खूण.

पक्की तपासणी मात्र झोपेचं इंजेक्शन दिल्यावरच झाली. जागं कुत्रं दुखरा पाय ताठ धरतं आणि सैल सांधाही घट्ट वाटतो. एका हाताने मांडीचं हाड धरायचं, दुसऱ्याने नडगीचं, आणि नडगी पुढे ओढून पाहायची. टेबलाचा खण सरकावा तशी ती पुढे सरकली, तर बंध तुटला. या तपासणीचं नावच ड्रॉवर टेस्ट आहे. सोनीचा खण चांगला बोटभर सरकला. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. पण सांध्यात पाणी भरल्यामुळे वाटीखालची चरबीची काळी तिकोनी सावली पुसली जाते, तशी ती पुसलेली दिसत होती. हाडांच्या कडांना संधिवाताचे काटेही उगवलेले दिसत होते.

हे असं का तुटतं? इथेच माणसाचा गुडघा आणि कुत्र्याचा गुडघा यांची वाट वेगळी होते. कबड्डीपटूचं किंवा फुटबॉलपटूचं लिगामेंट तुटतं तेव्हा ती घटना असते. पाय जमिनीत रोवलेला, अंग वळलेलं, ‘कट्’ असा आवाज, आणि गडी मैदानाबाहेर. कुत्र्यात बहुतेक वेळा अशी घटनाच नसते. बंधाचे तंतू कित्येक महिने, कधी वर्षंही, एकेक करून कुजत आणि उसवत जातात. विहिरीवरचा जुना सोल जसा आधी विसविशीत होतो आणि मग एखाद्या दिवशी रिकाम्या घागरीलाही तुटतो, तसं. शेवटचा तंतू तुटायला सोफ्यावरून मारलेली एक उडी पुरते आणि घरच्यांना वाटतं, उडीनेच घात केला. म्हणूनच एका पायाचा बंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचा दुसऱ्या पायाचा बंधही पुढच्या वर्षा-दोन वर्षांत जातो. दोन्ही गुडघ्यांचं वय सारखंच असतं.

तंतू का कुजतात याला एकच उत्तर नाही. वंशाचा भाग मोठा आहे. लॅब्राडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड, बॉक्सर यांच्यात हे जास्त, आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या ग्रेहाउंडमध्ये फारच कमी. म्हणजे धावण्यावर खापर फोडता येत नाही. वजन आहे. काही मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर धोका वाढतो असंही अभ्यासांत दिसलं आहे. नसबंदी करूच नका असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. लॅब किंवा गोल्डन रिट्रीव्हर पिलाच्या बाबतीत ‘केव्हा करू’ हे डॉक्टरांना विचारावं, एवढंच. आणि शेवटचं कारण म्हणजे उतार. सगळी शस्त्रक्रिया त्याच्याभोवती फिरते, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

आपल्या नडगीच्या हाडाचा माथा, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, तो जवळजवळ सपाट असतो. मागच्या बाजूला पाच-दहा अंशांचा कल, बस. शिवाय आपण उभे राहतो ते गुडघा सरळ करून. कुत्रं उभं असतं तेव्हाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो आणि नडगीच्या माथ्याला मागे साधारण २५ अंशांचा उतार असतो. घाटातल्या रस्त्यापेक्षा कितीतरी तीव्र. अशा उतारावर भरलेली हातगाडी उभी करून ती पुढे झाडाला दोरीने बांधली आहे, असं समजा. गाडी म्हणजे मांडीचं हाड, रस्ता म्हणजे नडगीचा माथा आणि दोरी म्हणजे पुढचं क्रुसिएट लिगामेंट. कुत्रं दर पावलाला पाय टेकतं तेव्हा गाडी मागे घरंगळू पाहते आणि दोरी ती धरून ठेवते. दोरी तुटली की दर पावलाला मांडीचं हाड मागे घसरतं, म्हणजेच नडगी पुढे उसळते.

गाडी मागे येऊ नये म्हणून हमाल चाकामागे दगड लावतो. गुडघ्यातही असा दगड आहे. आतल्या बाजूच्या कूर्चेच्या गादीचं, म्हणजे मेनिस्कसचं, मागचं टोक नेमकं चाकामागे येतं. बाहेरच्या बाजूची गादी मांडीच्या हाडाला बांधलेली असल्यामुळे घसरणीबरोबर सरकून वाचते. आतली गादी नडगीला घट्ट शिवलेली, तिला पळायला जागाच नाही. घसरणारं हाड तिच्यावर चढतं, तिला चिरडतं, आणि कधी तिची एक पट्टी सुटून बादलीच्या कडीसारखी पुढे उलटते. मग चालताना गुडघ्यातून टकटक आवाज येतो. लिगामेंट तुटण्यापेक्षा ही गादी फाटण्याचा ठणका जास्त असतो. कालपर्यंत थोडं लंगडणारं कुत्रं आज पाय टेकवतच नाही, असं झालं तर बहुधा हेच घडलेलं असतं.

कुत्र्यांच्या या आजाराचं पहिलं वर्णन १९२६ साली कार्लिन यांनी एका जर्मन नियतकालिकात केलं. उपायाला आणखी पाव शतक लागलं. १९५२ मध्ये हेलसिंकीत साकी पात्सामा या फिनिश पशुवैद्याने आपल्या प्रबंधात शस्त्रक्रिया मांडली. मांडीवरच्या जाड पडद्याची एक पट्टी कापायची, हाडांत भोकं पाडून ती सांध्यातून ओवायची आणि तुटलेल्या दोरीच्या जागी बसवायची. माणसांत आजही साधारण याच मार्गाने जातात. कुत्र्यांत ही नवी दोरी ताणली जायची नाहीतर तुटायची. उतार तोच, गाडी तीच आणि रुग्ण असा, की ज्याला ‘महिनाभर पाय टेकवू नकोस’ असं सांगून उपयोग नाही.

१९७० च्या दशकात दोरी सांध्याच्या बाहेरून बांधायची पद्धत रुळली. अमेरिकेत मिशिगनला ग्रेचेन फ्लो यांनी १९७५ मध्ये तिचं सुधारलेलं रूप मांडलं. मांडीच्या हाडामागे वाटाण्याएवढं एक हाड असतं. त्याच्याभोवती वेढा घालून दोरी खाली नडगीच्या पुढच्या कण्याला पाडलेल्या भोकातून ओवतात आणि घट्ट करतात. दोरी जाड एकपदरी नायलॉनची, मासेमारीच्या गळाला लावतात त्या जातीची. कोळीवाड्यातल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. हा नायलॉन जन्मभर टिकत नाही, काही महिन्यांत सैल पडतो किंवा तुटतो, आणि हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाही ठाऊक असतं. तेवढ्या अवधीत शरीर सांध्याभोवती तंतूंचं जाड लिंपण करून घेतं आणि पुढचा भार त्यावर येतो. लहान कुत्र्यांत हे छान जमतं. ३८ किलोच्या सोनीत ते लिंपण धरण्याआधीच नायलॉन हरण्याची भीती.

मग ऑरेगॉन राज्यातल्या युजीन गावच्या बार्कले स्लोकम यांनी प्रश्नच फिरवून विचारला. दोरी किती मजबूत हवी याचा विचार सोडून ते रस्त्याकडे पाहायला लागले. रस्ता सपाट असेल तर गाडीला दोरी लागेल कशाला? १९८० च्या दशकात त्यांनी नडगीच्या हाडातून पाचर कापून उतार कमी करून पाहिला, आणि १९९३ मध्ये आज जगभर टीपीएलओ या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. नडगीचा माथा गोलाकार कापायचा, फिरवायचा आणि प्लेटने पुन्हा जोडायचा. स्लोकम यांनी पद्धतीचं पेटंट घेतलं होतं आणि बरीच वर्षं त्यांच्या शिबिरात शिकल्याशिवाय ती कुणाला करता येत नव्हती. शस्त्रक्रियेवर पेटंट ही कल्पना मला आजही पचत नाही. पण त्या सक्तीमुळे सुरुवातीच्या काळात ही अवघड गोष्ट शिकल्यावाचून कुणी करू धजलं नाही, हेही खरं.

झुरिक विद्यापीठात तेपिच आणि माँताव्हाँ यांनी २००२ च्या सुमारास तिसरी वाट काढली, टीटीए. तिच्यात माथ्याला हात लावत नाहीत. वाटीखालची कंडरा नडगीला जिथे चिकटते तो हाडाचा कणा कापून पुढे सरकवतात आणि मधल्या फटीत टायटॅनियमचा पिंजरा बसवतात. कंडरा उताराशी काटकोनात आली की मांडीचे स्नायूच नडगीला पुढे उसळू देत नाहीत. विचार सुंदर आहे. पण फार तीव्र उतार असलेल्या गुडघ्यात ती कमी पडते आणि आज मोठ्या कुत्र्यांसाठी बहुसंख्य शल्यचिकित्सक टीपीएलओकडेच वळतात.

सोनीचं टीपीएलओच झालं. डॉक्टर मॅडमनी आदल्या दिवशी एक्स-रेवर पेन्सिलीने दोन रेघा ओढून दाखवल्या. एक नडगीच्या अक्षाची, एक माथ्याच्या उताराची. कोन भरला २६ अंश. तो पाचावर आणायचा होता. शून्यावर का नाही, असं मी विचारलं. कारण रस्ता फारच उलटा झाला तर गाडी पुढे घरंगळेल आणि फुलीतला दुसरा, मागचा बंध ओढला जाईल. मग त्यांनी एक तक्ता काढला. चोवीस मिलिमीटर त्रिज्येचं पातं आणि २६ अंशांचा कोन असेल तर माथा किती फिरवायचा? पावणेनऊ मिलिमीटर. सारा मामला तेवढ्यावर.

शस्त्रक्रिया मी पाहिली नाही, पण त्यांनी ती नंतर हाडाच्या प्लास्टिकच्या नमुन्यावर करून दाखवली. छेद पायाच्या आतल्या बाजूने घेतात. आधी सांधा उघडून गादी तपासायची, फाटलेला तुकडा असेल तर काढायचा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं उत्तम होऊनही कुत्रं लंगडत राहू शकतं. करवतीचं पातं सरळ नसतं, नळीचा उभा तुकडा कापावा तसं बाकदार असतं. ते गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं आणि हाडात कमानीसारखी चीर पाडतं. चिरेवर मिठाच्या पाण्याची धार सतत सोडावी लागते, कारण घर्षणाने हाड तापलं तर कडेच्या पेशी मरतात आणि जोड धरत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना आधी खूण केलेली असते. माथा फिरवून खुणा पावणेनऊ मिलिमीटरवर जुळवायच्या, तात्पुरती तार घालायची, आणि मग सहा स्क्रूंची पोलादी प्लेट. स्क्रूंची डोकी प्लेटमध्येच आटे धरून घट्ट बसतात, त्यामुळे हाड आणि प्लेट यांचा एकच सांगाडा होतो. तासा-दोन तासांचं काम. तुटलेल्या बंधाचे धागे छाटतात, पण त्याच्या जागी काहीही बसवत नाहीत.

मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. टीपीएलओ झालेल्या कुत्र्याची ड्रॉवर टेस्ट केली तर खण अजूनही सरकतोच! दोरी नाहीच, तर सरकणारच. पण कुत्रं पाय टेकवून वजन देतं तेव्हा सरकत नाही, कारण आता खालचा रस्ता सपाट आहे.

प्रत्येक लंगड्या कुत्र्याचं हाड कापायचं का? नाही. १९८४ मध्ये व्हासर यांनी शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यांचा आढावा घेतला होता. पंधरा किलोपर्यंतच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के विश्रांतीवर सुधारले किंवा पूर्ववत झाले, पंधरा किलोच्या वरच्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होतं. हा आढावा जुना आहे आणि लहान कुत्र्यांतही संधिवात मागे राहतोच, पण मोठ्या-लहानातला हा फरक डॉक्टर आजही मानतात. दोन शस्त्रक्रियांची तुलनाही झाली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० कुत्र्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं, एका गटाला नायलॉनची दोरी आणि दुसऱ्याला टीपीएलओ. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते, पण चालताना पायावर वजन देण्यात टीपीएलओचा गट पुढे होता. म्हणजे दोरीची शस्त्रक्रिया कुचकामी ठरत नाही. पैसे कमी असतील, कुत्रं दहा-बारा किलोचं असेल, तर ती चांगली निवड आहे. गुडघ्याचे पट्टे आणि ब्रेस यांच्या जाहिराती मात्र पुराव्याच्या फार पुढे धावताहेत.

पैशाचं स्पष्टच बोलायला हवं. आपल्याकडे टीपीएलओचा खर्च पाच आकड्यांत सुरू होतो आणि मोठ्या शहरात, परदेशी प्लेट असली की, सहा आकड्यांकडे सरकतो. करवत, पाती, लॉकिंग प्लेट आणि भुलेची नीट यंत्रणा असलेली ठिकाणं महाराष्ट्रात अजून मोजकीच आहेत. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, परळला. तिथे आणि नागपूरच्या महाविद्यालयात शिकून पशुवैद्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या, पण त्यांची गरज होती ती मुख्यतः गाय, बैल आणि म्हैस यांना. पाळीव कुत्र्याचा सांधा हा विषय शहरांनी अलीकडे आणला. रतन टाटांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की त्यांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी थेट अमेरिकेतलं मिनेसोटा विद्यापीठ गाठावं लागलं आणि तिथेही उशीर झाल्यामुळे सांधा एका स्थितीत कायमचा जखडावा लागला. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, त्यामागे हा अनुभव होता.

मांजराचं गणित वेगळं आहे, आणि कुत्र्याचा सल्ला मांजराला लावणं धोक्याचं. मांजरातही हा बंध तुटतो, पण क्वचित. बहुतेकदा वयस्क, घरबशा, गुबगुबीत मांजरात. मांजर लंगडून दाखवत नाही. ते फक्त ओट्यावर उडी मारायचं सोडतं आणि आपण म्हणतो, ‘शहाणी झाली हो आमची मनी.’ एकटा हा बंध गेला असेल तर मांजराला काही आठवडे लहान जागेत, उंचावर उडी मारता येणार नाही असं ठेवणं बऱ्याचदा पुरतं. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या १८ मांजरांचं लंगडणं सरासरी पाचेक आठवड्यांत थांबलं होतं. सुधारणा झाली नाही, मांजर जाड असलं किंवा गादी फाटलेली असली, तर बाहेरून दोरीची शस्त्रक्रिया करतात, आणि आता काही ठिकाणी मांजरांनाही टीपीएलओ करतात. भूल देण्याआधी हृदय तपासून घेण्याचा आग्रह धरावा. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बाहेरून काही न दाखवता असू शकतो. उंच इमारतीच्या खिडकीतून पडलेल्या मांजराची गोष्ट याहून निराळी. त्यात फुलीतले दोन्ही बंध आणि कडेचा एखादा असे तीन-तीन बंध एकदम तुटून गुडघा अक्षरशः लोंबतो. तिथे वाट पाहण्यात अर्थ नसतो. जमतील ते बंध शिवून, सांधा काही आठवडे बाहेरून सळ्यांनी जखडून ठेवावा लागतो. खिडकीला जाळी हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

घरच्या औषधाच्या डब्याबद्दल एक कळकळीची गोष्ट. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते, कारण ती पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफिनॅकचंही तेच. याच डायक्लोफिनॅकने आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपवली. औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत होती, आणि म्हणून २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणसांच्या दुकानात ते अजूनही मिळतं, आणि ‘आजोबांच्या गुडघ्याला चालतं, मग सोनीच्या का नाही’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतोच. आमच्याकडे तो मीच होतो. सुदैवाने बायकोने गोळी हातातून काढून घेतली.

शस्त्रक्रियेनंतरचे बारा आठवडे हा खरा उपचार, आणि तो घरच्यांनी करायचा असतो. कापलेलं हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. सोनी मात्र तिसऱ्या दिवशी पाय टेकवायला लागली आणि तिसऱ्या आठवड्यात तिला आपण बऱ्या झालो असं वाटायला लागलं. तिथेच बहुतेकांचा घात होतो. दार वाजलं, कुत्रं धावलं, गुळगुळीत फरशीवर पाय फाकला आणि स्क्रू हलला. आम्ही हॉलभर जुन्या सतरंज्या आणि रबरी पायपुसणी अंथरली, सोफ्यावर खुर्च्या पालथ्या घातल्या आणि घंटी काढून ठेवली. लघवीलाही पट्टा लावून, पोटाखाली टॉवेलचा झोळा धरून न्यायचं. पाच मिनिटांची चाल, आठवड्याला थोडी वाढवत. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळं. त्या नरसाळ्याने तिने आमच्या नडग्याही फोडल्या. आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत चिरेची काळी रेघ धूसर झालेली दिसली तेव्हा कुठे जिन्याच्या चार पायऱ्यांची परवानगी मिळाली.

आणि वजन. डॉक्टर मॅडमनी शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी विचारलं, ‘काका, ही दिवसभरात काय काय खाते?’ मी तिचं खाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे तिच्या ताटातलं झालं. तुमच्या ताटातलं सांगा.’ मग निघालं. सकाळी चहाबरोबर दोन मारी, आईच्या पानातली तुपाची पोळी, मुलाचा अर्धा टोस्ट, रात्री दुधावरची साय. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी ऐकवला. एकाच वेतातली पिल्लं जोड्या लावून वाढवली, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. सांध्यांचा त्रासही कमी खाणाऱ्यांना कितीतरी उशिरा सुरू झाला. आईला हे पटलं नाही. ‘मुकं जनावर उपाशी ठेवायचं का?’ हा तिचा प्रश्न अजून कायम आहे आणि पोळीचा तुकडा अजून अधूनमधून टेबलाखाली जातो.

आपल्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. दाबल्याशिवाय त्या हाताला लागत नसतील तर ते जाड आहे. ते पाय बाहेर टाकून बसत असेल, उठल्यावर चार पावलं लंगडत असेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर गोळ्यांची दुसरी फेरी घेऊ नका. झोपेचं इंजेक्शन देऊन गुडघा तपासा आणि एक्स-रे काढा, असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. सोनी आता साडेएकतीस किलोची आहे आणि डाव्या पायाने नीट चालते. परवापासून ती उजवा पाय बाहेर टाकून बसायला लागली आहे. सोमवारी एक्स-रे आहे.